थंडीत स्वस्तात फिरणं: "पैसे नसतील तर घरी बसा" म्हणणाऱ्यांसाठी

साइड लोअर, लालबाग

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका गृहस्थांनी लिहिलं, "डिसेंबर-जानेवारीत फिरायचं तर माणशी पंचवीस-तीस हजार काढायची तयारी ठेवा. नसेल तर घरी बसा, मे महिन्यात मामाच्या गावाला जा." खाली अकरा अंगठे. मी तिथे गप्प बसलो, कारण ते आमचे सेक्रेटरी आहेत आणि माझं गळतीचं काम त्यांच्याकडे अडकलंय. पण पोटात राहवेना म्हणून इथे ओकतो.

अहो, थंडी हाच तर कमी पैसेवाल्याचा मोसम! मे महिन्यात निम्मे पैसे फिरण्यावर जातच नाहीत, उकाड्यावर जातात. थ्री एसीचं तिकीट, एसी खोली, दोन फर्लांगाला रिक्षा, तासातासाला पाण्याची बाटली. जानेवारीत स्लीपरने जा, साधी खोली घ्या, दुपारी बारालाही पायी फिरा. शिदोरीचं तर विचारूच नका. दशम्या, तिळाची चटणी आणि गूळपोळ्या तिसऱ्या दिवशीही खाता येतात. मे महिन्यात कल्याण सोडलं की भाजीला वास.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं आणि दोन पोरं वेरूळ-अजिंठा करून आलो. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, म्हणून बुधवारी पोचलो. लेण्यांचं तिकीट माणशी ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. संभाजीनगर शहरातून दोन्हीकडे एसटीने गेलो. बायकोला अर्धं तिकीट. मे महिन्यात कैलास लेण्याचा कातळ तव्यासारखा तापतो, आम्ही तिथे चार तास रेंगाळलो. लॉजवाल्याने "एसी नको ना?" असं स्वतःहून विचारून खोलीमागे चारशे कमी केले.

फक्त तारीख जपायची. नाताळ ते ५ जानेवारी घराबाहेर पडायचं नाही. त्यानंतर पौष संपेपर्यंत लग्नं नसतात, म्हणजे गाड्या आणि लॉज वऱ्हाडांपासून मोकळे. शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीची जोडसुट्टी सोडा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा ८ जानेवारीला निघायचं तर ९ नोव्हेंबरला सकाळी आठला बोटं तयार ठेवा. तीस हजार कसले घेऊन बसलात!

शाळेची डायरी, बोरीवली

लेख छान. एकच शंका. ८ जानेवारीला तुमच्या पोरांना शाळा नव्हती का?

साइड लोअर

होती. तीन दिवस बुडवली. लेणी बघणं हेही शिक्षणच आहे.

शाळेची डायरी

वाटलंच. माझा मोठा दहावीत आहे. जानेवारीत सराव परीक्षा, फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं, मार्चमध्ये बोर्ड. धाकटीच्या शाळेला सुट्टी कधी, तर २५ डिसेंबर ते १ जानेवारी, म्हणजे ज्या आठवड्यात तुम्ही घराबाहेर पडू नका म्हणता नेमका तोच. स्वस्ताई आहे, पण ती ज्याच्या तारखा मोकळ्या त्याच्यासाठी. सरसकट "गरिबाचा मोसम" म्हणू नका. कंत्राटावर काम करणाऱ्याला गुरुवार-शुक्रवारची रजा कोण देतो हो? पगार कापला की तुमचे चारशे रुपये तिथेच वळते.

वेटिंग ४७

हिवाळा म्हणजे बर्फ. लेणी काय, बाराही महिने जागच्या जागी असतात.

आणि "थंडीत स्वस्त" ऐकून आम्हीही एकदा फसलोय. काश्मीरला जायचं ठरलं. २१ डिसेंबरला तिथे चाळीस दिवसांची चिल्लई कलान लागते, तेव्हाच खरा बर्फ. मुंबईकराच्या घरात गरम कपडे असतात का? सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही जानेवारी १९६२ मधला. त्यानंतर आमच्या खानदानात कोणी स्वेटर घेतलेला नाही. परळच्या स्वेटरवाल्यांकडून चार जणांचे जाकीट, टोप्या, हातमोजे घेतले, तिथेच एका माणसाचं जाऊन-येऊन भाडं गेलं. पुढे मथुरेच्या अलीकडे धुकं. गाडी अकरा तास उशिरा. जम्मूची गाडी चुकली, दिल्लीत रात्र काढावी लागली, दुसऱ्या दिवशी आयत्या वेळी मिळेल त्या भावाने बसची तिकिटं. परत येऊन हिशेब मांडला, तर विमानाने गेलो असतो तरी तेवढेच झाले असते. ते हातमोजे आता बायको ओव्हनमधून केक काढायला वापरते.

नियमावली

गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल तर प्रवास न करता टीडीआर, म्हणजे रेल्वेचा परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात.

वेटिंग ४७

गाडीत बसलोच होतो हो मी! मथुरेच्या अलीकडे उतरून टीडीआर भरू?

साइड लोअर

उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि गाड्या रखडतात हे दरवर्षीचं आहे. म्हणून तर मी दख्खन म्हणालो. धुक्यात स्वतः शिरायचं आणि खापर थंडीवर फोडायचं, ही कुठली रीत?

पेन्शनर, गिरगाव

विषय स्वस्त प्रवासाचा निघालाच आहे म्हणून लिहितो. २० मार्च २०२० पासून रेल्वेने ज्येष्ठांची सवलत बंद केली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. साथ गेली, मास्क गेले, सवलत काही परत आली नाही. आम्हाला तारखा मोकळ्या, शाळा नाही, रजा नाही. हिवाळ्यात स्वस्तात फिरण्याचा पहिला मान आमचा. तो काढून घेतला आणि इथे लोक गूळपोळीच्या गोष्टी करतायत.

अर्धं तिकीट

काका, एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट आहे की.

पेन्शनर, गिरगाव

मी एकाहत्तरचा आहे. अर्धं तिकीट आहे, माहीत आहे मला. पण एसटीच्या बाकावर बसून माझ्या कमरेने वेरूळ गाठायचं, मग लेणी बघायला वर चढणार कोण?

काटकसर, मुलुंड

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत, पण कोकणाबद्दल सावध करतो. तिथे थंडीत स्वस्त वगैरे काही नाही. मागच्या जानेवारीत समुद्राजवळ एका घरगुती ठिकाणी उतरलो. खोली ठीक, जेवण ठीक. निघताना बिल बघतो तर "गरम पाणी, ८ बादल्या, २४० रुपये". बादलीला तीस रुपये! थंडीत पाहुण्याला गरम पाणी देणं ही माणुसकी असते. हॉटेलात कधी गीझरचे वेगळे पैसे देतो का आपण? मी वाद घातला, शेवटी शंभरावर तोडलं. ही लूट आहे लूट.

माडाखाली

मी मालवणजवळ पाहुणे ठेवतो, चार खोल्या आहेत. ते घर माझं नव्हे, पण तुमच्यासारखे पाहुणे ओळखीचे आहेत. तुमका काय वाटता, पाणी आपोआप तापता?

खोली घेताना "फॅमिली आहोत, रेग्युलर येऊ" म्हणून दोनशे पाडायचे. दोघांच्या खोलीत चौघं निजायची. मग सकाळी प्रत्येकाला दोन-दोन बादल्या, वर "जरा अजून कढत आहे का?" तीस रुपयांनी लुटलं म्हणता, आणि येताना फूड मॉलवर चहाला किती मोजलेत ते लिहा की.

काटकसर, मुलुंड

विषय बदलू नका. बादलीचे पैसे आधी सांगितले होते का? नाही.

अर्धा युनिट

भावना बाजूला ठेवा, हिशेब करू. २० लिटरची बादली. विहिरीचं पाणी समजा २३ अंश, आंघोळीला ४५ पुरे. म्हणजे २२ अंश वाढवायचे. २० गुणिले २२ गुणिले ४.२ म्हणजे सुमारे १,८५० किलोज्यूल. एका युनिटात ३,६०० असतात. बादलीला ढोबळ अर्धा युनिट, आठ बादल्यांना चार. विजेचा दर काहीही धरा, चार युनिटांचे २४० होत नाहीत. मुलुंडकर बरोबर आहेत.

माडाखाली

वा रे गणित! गीझर काय तुमच्या काकांनी बसवला? खाऱ्या हवेत कॉइल किती टिकते ते धरलंत? आमच्याकडे सकाळी सहाला वीज असेल याची खात्री नाही, म्हणून बंब आहे. बंबाला लाकूड लागतं, ते फोडावं लागतं, पावसाच्या आधी भरून ठेवावं लागतं. तो पहाटे साडेपाचला माझी आई पेटवते, सदुसष्ट वर्षांची आहे. तिचे किती किलोज्यूल लावू?

अर्धा युनिट

आईला मध्ये आणू नका. मी फक्त विजेचं म्हणालो.

शाळेची डायरी

आणायलाच हव्यात. "घरगुती" ठिकाणी सगळं घरच्या बाईच्या जिवावर चालतं आणि बिलात तिची ओळच नसते. माझ्या सासूबाई चाळीत वीस वर्षं स्टोव्हवर सगळ्यांचं पाणी तापवत होत्या, रॉकेलच्या रांगेत स्वतः उभ्या राहून. त्यांना कोणी माणुसकीचं प्रमाणपत्र दिलं नाही. उलट उशीर झाला की आरडाओरडा.

काटकसर, मुलुंड

म्हणजे मी आता कोणाच्या सासूबाईंचाही गुन्हेगार? धन्य आहे. मी एवढंच म्हणतोय की खोलीच्या भाड्यात धरा आणि आधी सांगा.

माडाखाली

धरलं तर तुम्ही खोली महाग म्हणून शेजाऱ्याकडे जाता. नाही धरलं तर लूट. तुम्हाला स्वस्त फिरायचंय याबद्दल काही म्हणणं नाही, पण ते आमच्या खिशातून का? आमचा हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ, थोडी थंडी आणि मे. पावसाळ्यात कुत्रं फिरकत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा येतो पावसाळ्यात, तर या जुलैत. खोली निम्म्या भावाने देतो आणि पाणी हवं तेवढं, वरून.

वेटिंग ४७

धागा थंडीचा आणि तापलं पाणी.

पेन्शनर, गिरगाव

गार पाण्याने आंघोळ करावी. मी रोज करतो.

अर्धं तिकीट

गिरगावात, काका. गिरगावात. पहाटे आजऱ्याला करून दाखवा.

तुतारीवाला, दादर

मूळ विषयावर कोणी आहे का? असल्यास माझा अनुभव. कोकणात थंडीत स्वस्तात जाता येतं, स्लीपरने कुडाळला उतरायचं, पुढे एसटी. पण तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. मी १० तारखेचं तिकीट घेऊन १० तारखेच्या रात्री जेवून-खाऊन सहकुटुंब फलाटावर. गाडी त्याच दिवशी पहाटेआधी गेलेली, आदल्या रात्रीच यायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी, तिकिटावर वेळ स्वच्छ लिहिलेली होती. बायको आजही कॅलेंडर स्वतः बघते. दुसऱ्या दिवशी जनरलमधून गेलो. थंडी असल्यामुळे जनरलमध्ये जीव गुदमरला नाही, हा हिवाळ्याचा फायदा मी प्रत्यक्ष घेतलेला आहे.

साइड लोअर

धन्यवाद, निदान एक जण विषयावर आला.

बोरीवलीच्या ताईंचं मान्य. ज्याला आठवड्यातल्या मधल्या दिवशी रजा मिळते त्यालाच हे जमतं, आणि मी सरकारी कचेरीत आहे हे लिहायला विसरलो होतो. विसरलो म्हणजे, लिहिलं नाही. पण ज्यांना रजा नाही त्यांनाही एका रविवारचं सुचवतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरा, अलिबागकडे कोणाच्या वाडीत पोपटी लागते का बघा. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. ही चव याच दिवसांत, मे महिन्यात पैसे ओतूनही मिळत नाही. संध्याकाळच्या लाँचने घरी. शाळा बुडत नाही.

शाळेची डायरी

हे आधी लिहिलं असतंत तर मी भांडलेच नसते. शेंगा ओळखीच्या वाडीत मिळतात की तिथेही बादलीसारखा हिशेब?

काटकसर, मुलुंड

उपरोध कळला.

मालवणकर, ते शंभरावर तोडलेलं बिल तुमचं नव्हतं, तरी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. माझी आई गेली तेव्हा आमच्या घरातला बंब मी भंगारात दिला, अठराशे आले होते. तांब्याचा होता. आता वाईट वाटतं. पण आधी सांगायला हवं हे माझं म्हणणं कायम आहे.

माडाखाली

आधी सांगायला हवं हे बरोबर. दारावर पाटी लावतो. "माणशी एक बादली भाड्यात. पुढची २० रुपये. सातच्या आधी मागू नये."

अर्धा युनिट

वीसही जास्तच आहेत.

माडाखाली

तुम्ही येऊच नका.

साइड लोअर

१३ जानेवारीपासून तीन रात्री, चार जण, खोली आहे का? मुलं लहान आहेत, चौघांत मिळून पाच बादल्या पुरतील. पाचवीचे वीस आत्ताच कबूल.