व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूत माऊस कुठे अडकतो, कुठे सरकतो, कुठे गायबच होतो

कॉलेजरोड_लॅब
मंडळी, नाशिकमधल्या एका क्लासच्या लॅबचा प्रश्न आहे. १२ मशीन, होस्ट (बाहेरची मूळ प्रणाली) विंडोज ११, व्हर्च्युअलबॉक्स ७.० (संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्रॅम), आत गेस्ट म्हणून उबुंटू २४.०४ हे लिनक्स, नेहमीच्या ग्नोम डेस्कटॉपसह. एका मशीनवर तयार केलेली ओव्हीए फाइल (अख्ख्या व्हीएमची नक्कल) सगळीकडे इम्पोर्ट केली आहे. तक्रारी तीन प्रकारच्या:

पाच मशीनवर उबुंटूच्या विंडोत क्लिक केलं की बाण आतच अडकतो, विंडोजमध्ये परत येत नाही. चार मशीनवर बाण मोकळा फिरतो, पण दिसतो एकीकडे आणि क्लिक लागतो बोटभर वर. दोन मशीनवर उबुंटू सुरू झालं की विंडोजमध्ये माऊस आणि कीबोर्ड दोन्ही मरतात. उरलेलं एक ठणठणीत आहे.

सेटिंगमध्ये पॉइंटिंग डिव्हाइस बदलायला गेलो तर काही मशीनवर तो रकानाच पुसट दिसतो, उघडत नाही. गेस्ट अॅडिशन्स (उबुंटूच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून पाहिलं, फरक नाही.

गोदाकाठ
सर, हे तीन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. अडकणाऱ्या पाचांपासून सुरू करू.

पीएस/२ (जुन्या पद्धतीचा) माऊस फक्त 'इतकं उजवीकडे, इतकं खाली' एवढंच सांगतो. बाण पडद्यावर नेमका कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स माऊस पकडून ठेवतो आणि सगळी हालचाल आत ढकलतो. सुटका होस्ट-कीने, ती मुळात उजवा कंट्रोल असते. कीबोर्डवर उजवा कंट्रोल नसेल तर फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली दुसरी की नेमा.

अडकूच नये असं हवं असेल तर आत जाणारी जागा निरपेक्ष हवी, म्हणजे 'पडद्यावर अमुक ठिकाणी' अशी. त्याच्या वाटा दोन. पहिली, गेस्टमधलं व्हीबॉक्सगेस्ट मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडला जाणारा अॅडिशन्समधला तुकडा. दुसरी, पॉइंटिंग डिव्हाइस म्हणून यूएसबी टॅबलेट. लॅबसाठी दुसरीच घ्या. टॅबलेटला लिनक्सचा साधा यूएसबी ड्रायव्हर पुरतो, त्यामुळे कर्नल अपडेट झालं, मॉड्यूल मोडलं, तरी माऊस चालत राहतो. अॅडिशन्स स्क्रीनचा आकार आणि क्लिपबोर्डसाठी ठेवा, माऊस त्यांच्या भरवशावर सोडू नका.

त्याआधी एक फुकटचं काम: चालू व्हीएमच्या इनपुट मेनूत 'माऊस इंटिग्रेशन'वर टिक आहे का बघा. होस्ट-की आणि आय एकत्र दाबली की ती टिक निघते. मुलांच्या हातून हे सर्रास होतं.

पुसट रकान्याचं कारण सोपं आहे. ती व्हीएम 'सेव्ह्ड' अवस्थेत असणार. विंडो बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडलं की हार्डवेअर गोठतं. 'डिस्कार्ड' करू नका, ते चालू मशीनची वायर ओढण्यासारखं आहे. व्हीएम सुरू करा, कंट्रोल-अल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा, सुडो पॉवरऑफ टाइप करा. नीट बंद झाली की रकाना उघडतो.

पंचवटी२३
आत लिनक्सला माऊस दिसतोय का तेही बघून घ्या. टर्मिनलमध्ये एक्सइनपुट लिस्ट चालवा, सगळी साधनं येतात.

गोदाकाठ
@पंचवटी२३ भाऊ, २४.०४ वर ते फसवतं. ग्नोम तिथे मुळात वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर चालतं, आणि जुन्या एक्सऑर्ग व्यवस्थेसाठीच्या एक्सइनपुटला फक्त 'एक्सवेलँड-पॉइंटर' नावाची सावली दिसते. खरा माऊस कुठला, हे त्यातून कळत नाही.

त्याऐवजी 'प्रोक' फोल्डरमधल्या 'बस' फोल्डरात 'इनपुट', आणि त्यातली 'डिव्हायसेस' ही फाइल कॅट कमांडने वाचा. गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून ओळखतो, तशीच ही फाइल. नुसतं 'इमएक्सपीएस/२ जेनेरिक एक्सप्लोरर माऊस' असेल तर जुना पकडणारा माऊस. 'व्हर्च्युअलबॉक्स माऊस इंटिग्रेशन' दिसलं तर मॉड्यूल लोड आहे. 'व्हर्च्युअलबॉक्स यूएसबी टॅबलेट' दिसलं तर टॅबलेट पोचला. नाव आहे पण बाण हलत नाही असं असेल तर लिबइनपुट-टूल्स पॅकेज टाकून सुडोसह लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवा आणि माऊस हलवा. ओळी धावल्या तर कर्नलपर्यंत सगळं ठीक, दोष डेस्कटॉपमध्ये. ओळी नाहीत तर दोष व्हीएमच्या सेटिंगमध्ये.

सिडकोवाला
अॅडिशन्सबद्दल थोडं. 'पुन्हा टाकलं, फरक नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा मॉड्यूल बांधलंच गेलं नाही असा असतो. शेवटच्या चार ओळी कोणी वाचत नाही. व्हार-लॉगमधली व्हीबॉक्सअॅड-सेटअप ही लॉग फाइल उघडा. कर्नल हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) सापडले नाहीत असं असेल तर अॅप्ट कमांडने बिल्ड-एसेन्शियल, डीकेएमएस आणि लिनक्स-हेडर्स-जेनेरिक टाका. फक्त चालू आवृत्तीचे हेडर्स टाकले तर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच रडगाणं. 'जेनेरिक' पॅकेज नव्या कर्नलबरोबर नवे हेडर्स ओढून आणतं. एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल असेल तर त्याच नावाचं एचडब्ल्यूई-२४.०४ चं हेडर्स पॅकेज घ्या.

मग सीडी इमेज घालून व्हीबॉक्सलिनक्सअॅडिशन्स ही फाइल सुडो एसएचने चालवा, रीस्टार्ट करा, एलएसमॉड कमांडने मिळणाऱ्या लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत व्हीबॉक्सगेस्ट शोधा. सीडीवरच्या अॅडिशन्स आणि उबुंटूच्या भांडारातलं व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-यूटिल्स, दोन्ही एकत्र ठेवू नका. व्हीएममध्ये सिक्युअर बूट (सही असलेलंच मॉड्यूल चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल बांधलं जातं, पण लोड होत नाही. तिथे 'की वॉज रिजेक्टेड' असा शेरा मिळतो.

देवळाली_कॅम्प
दोन मशीनवर माऊस-कीबोर्ड मरतात ते बघू. मेल्यावर तेच माऊस आणि कीबोर्ड उबुंटूच्या आत चालतात का? चालत असतील तर ते मेले नाहीत, आत गेलेत. सेटिंगमध्ये यूएसबी फिल्टर टाकला आहे का?

कॉलेजरोड_लॅब
हो, आत चालतात! आणि फिल्टर आहे. पेनड्राइव्ह आत दिसावा म्हणून याच दोन मशीनवर टाकला होता.

देवळाली_कॅम्प
मग तो रिकामा फिल्टर असणार. निळ्या गोळ्याच्या बटणाने फिल्टर जोडला की सगळे रकाने कोरे राहतात, आणि कोरा फिल्टर प्रत्येक यूएसबी साधनाशी जुळतो. माऊस, कीबोर्ड, समोर येईल ते आत ओढतो. उबुंटू आतूनच बंद करा, दोन्ही विंडोजला परत मिळतील. मग कोरा फिल्टर काढा. पेनड्राइव्ह खोचून हिरव्या अधिकच्या बटणाने यादीतून तोच निवडा, म्हणजे त्याचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक भरला जातो. माऊसचा फिल्टर कधीच करायचा नाही. व्हीएमला आपला खोटा माऊस पुरतो.

गोदाकाठ
राहिले सरकलेल्या क्लिकवाले चार. इथे जागा निरपेक्षच जाते, पण ती ज्या पडद्याच्या मापाने मोजली तो आणि उबुंटू समजतो तो, यांची मापं जुळत नाहीत. या क्रमाने तपासा, एका वेळी एकच बदल:

स्केल्ड मोड चालू आहे का? होस्ट-की आणि सी ने तो उघडझाप होतो. मेनूपट्टी नाहीशी झालेली असेल तर शंका यावरच घ्या.
उबुंटूच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १००% करा. विंडोजमधलं १२५% किंवा १५०% ही तपासणीपुरतं १००% वर आणा.
डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा आणि ३डी अॅक्सिलरेशनची टिक काढा. माझी पैज ३डीवर.
तरी नाही जमलं तर लॉगिनच्या पडद्यावर चक्राच्या खुणेतून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडून बघा. तिथे बरोबर चालला तर गडबड वेलँडच्या बाजूची.

सिडकोवाला
१२ मशीनवर माऊस बदलायला क्लिक करत बसू नका. व्हीएम बंद असताना विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम, मग व्हीएमचं नाव, मग माऊस हा पर्याय यूएसबीटॅबलेट या किमतीसह. एक ओळीची बॅच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरा.

ब्लेंडर हे ३डी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकवत असाल तर एक सावधगिरी. माऊस कडेला गेला की ब्लेंडर बाण दुसऱ्या कडेला उडी मारून नेतो. निरपेक्ष टॅबलेटवर ते जमत नाही, दृश्य गरागरा फिरतं. प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखालचं 'कंटिन्युअस ग्रॅब' बंद करा, किंवा तेवढ्यापुरतं माऊस इंटिग्रेशन काढा.

पंचवटी२३
इथे कोणी व्हर्च्युअलबॉक्सऐवजी व्हर्च-मॅनेजर आणि केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवणारी जोडी) वापरत असेल तर तिथेही तत्त्व हेच: अॅड हार्डवेअर, इनपुट, यूएसबी टॅबलेट. क्लिपबोर्डसाठी गेस्टमध्ये स्पाइस-व्हीडीएजंट.

कॉलेजरोड_लॅब
हिशेब देतो. अडकणाऱ्या पाचांपैकी तिघांची इंटिग्रेशनची टिक निघालेली होती. बाकी दोघांच्या यादीत नुसता पीएस/२ होता. आता बाराही मशीन टॅबलेटवर आहेत. कोरे फिल्टर काढले, विंडोजचे माऊस-कीबोर्ड सुरू झाले. सरकणाऱ्या चारांपैकी तीन ३डीची टिक काढताच सरळ झाले. एक अजून वाकडं आहे, एक्सऑर्गवरही.

गोदाकाठ
त्या एकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरची संख्या २ आहे का बघा. दुसरा पडदा दिसत नसला तरी उबुंटू तो धरून चालतं.

कॉलेजरोड_लॅब
२ होती. १ केली, क्लिक जागेवर.