प्रबंधाला बक्षीस द्यायचं की हिंडायला पैसे?

गिरगावकर: एमएला स्थानिक इतिहास नाहीतर पुरातत्त्व घेऊन जे प्रबंध लिहितात त्यातल्या एकाला दरवर्षी बक्षीस द्यायचं, असं आमच्या ग्रुपात वर्गणी काढून चाललंय. माझा विरोध. प्रबंध बांधून झाल्यावर शाल आणि पाकीट देऊन काय होणार? खर्च असतो तो आधी. वसईजवळच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी खणला, पण लोकांच्या तोंडी तो बुरुड राजाचा कोट, आता असली नावं चार म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळतात का? त्याला लोकल, रिक्षा, वडापाव सगळं लागतं.

लेणीवेडी: अजिबात पटलं नाही. आधी पैसे दिले की बिलं जोडा, रिपोर्ट द्या, आणि शेवटी प्रबंध होतोच असं नाही. मला मिळालं होतं असं एक छोटं बक्षीस. रक्कम दोन दिवसात संपली, पण बँकेची परीक्षा कधी देतेस म्हणून मागे लागलेले बाबा गप्प झाले ना! त्याआधी मी दर रविवारी बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या टाक्यांपाशी उन्हात बसायचे, कल्याणच्या एका सोनाराने दान दिलेल्या पोढीचा, म्हणजे टाक्याचा, कोरीव लेख तिथे आहे, आणि आई विचारायची की हे वाचून नोकरी लागते का.

गिरगावकर: तुझं घर बोरिवलीत असणार. कर्जतच्या पोराने काय करायचं?

एक्सरकर: दोघांचंही चुकतंय. बक्षीस द्या, पण अट घाला की निदान वीस पानं मराठीत लिहून ज्या गावावर काम केलं तिथे वाचून दाखवायची. आमच्या बोरिवलीतल्या एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे कोरीव दगड, त्यावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, समुद्रावरची लढाई कोरलेली, आणि आम्हीच लहानपणी त्यांना टेकून क्रिकेटचा स्कोर लिहायचो खडूने (लाज वाटते आता). बाहेरचे येतात, फोटो काढतात, प्रबंध इंग्रजीत, तो जातो कपाटात. आम्हाला कोण सांगणार काय आहे ते?

लेणीवेडी: वाचून दाखवायची अट चालेल. पण वीस पानं? परीक्षकच तीन पानांच्या पुढे जात नाहीत हो.

गिरगावकर: बरं, पाकिटाचे दोन भाग करू. अर्धे विषय मंजूर झाल्यावर, अर्धे गावात वाचल्यावर. पण त्या पहिल्या अर्ध्यात हिंडणं भागायचं तर वर्गणी पाचशेची हजार होईल, ते ग्रुपात कोण सांगणार? मी नाही.