लहान विमान विकत घ्यावं का? (सेस्ना १७२, ओहायो)

उडाणटप्पू

नमस्कार मंडळी. कोलंबसला राहतो. तीन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं, लॉगबुकात आता १३८ तास आहेत, त्यातले गेल्या वर्षीचे ३४. सध्या भाड्याचं सेस्ना १७२ उडवतो, तासाला १८० डॉलर, पेट्रोलसकट. शनिवार हवा तर तीन आठवडे आधी नाव लावायचं, आणि नेमके त्याच शनिवारी ढग जमिनीला टेकतात.

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. इथून तासाभरावर एक १९७६ चं १७२ एम विकायला आहे, ५८ हजार डॉलर. ओव्हरहॉलनंतर (म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधल्यावर) इंजिनाचे फक्त ५२० तास झालेत. मालकाचं वय झालंय, गेल्या पाच वर्षांत फारसं उडवलेलं नाही, म्हणजे झीजही कमी. आम्ही तिघं मित्र मिळून घ्यायचं म्हणतोय. एक इथला नागरिक आहे, एक एच-१बी वर.

खर्च खरंच किती येतो? आणि पेट्रोल वाचवायचं तर कसं उडवावं? बायको म्हणते आधी गॅरेजचं दार दुरुस्त कर.

जुनं_इंजिन

उडाणटप्पू, नाव झकास घेतलंयस.

पण "फारसं उडवलेलं नाही, म्हणजे झीज कमी" हे वाचून पोटात गोळा आला. अगदी हेच मी २००८ साली आमच्या हिला ऐकवलं होतं. तेही १७२ एमच, १९७४ चं. ओव्हरहॉल १९९१ चा, तास ६१०. लायकमिंग ही बनवणारी कंपनी या इंजिनाला दोन ओव्हरहॉलांमध्ये २००० तास देते, म्हणजे अजून १३९० बाकी, असा हिशेब मी मोठ्या ऐटीत वहीत लिहिला. त्याच कागदावर "किंवा १२ वर्षं" असंही छापलेलं असतं, ते दिसूनही वाचलं नाही. ४० तासांनी तेल बदललं, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, तर आत रांगोळीतल्या चमकीसारखे कण. लोहचुंबक नेला, टपाटप चिकटले. पोलाद. कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, गेला होता.

लायकमिंगच्या ओ-३२० मध्ये, म्हणजे १७२ एमच्या इंजिनात, कॅमशाफ्ट क्रँकच्या वर बसवलेला असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली ओघळतं आणि कॅम उघडा पडतो. हवेतली ओल आणि जळणातून तेलात उतरलेलं पाणी त्याच्यावर गंज धरतात. गंजाचे बारीक खड्डे पडले की तोच कॅम त्याला टेकलेल्या टॅपेटला कानशीसारखा घासत सुटतो. २००९ साली २४ हजार डॉलर गेले. विकणारा एका शब्दानेही खोटं बोलला नव्हता, आकडा मी उलटा वाचला होता. आज मला १७०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन आणि ५२० तासांचं पाच वर्षं उभं असलेलं, असं दोन्ही दाखवलं तर मी १७०० वालं घेईन.

म्हणून घेण्याआधी तपासणी करायची ती आपल्या मेकॅनिककडून, मालकाच्या नव्हे. आणि एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी पाहायचा. शिवाय सीटचे रूळ बघ. विमान चढत असताना सेस्नाचं सीट मागे सरकतं, माणूस आधाराला म्हणून स्टिअरिंग धरतो, ते छातीशी ओढलं जातं आणि विमानाचं नाक एकदम वर उठतं. यात माणसं गेली आहेत, म्हणून एफएएचा (इथल्या सरकारी विमानखात्याचा) कायमचा आदेश आहे, रूळ ठरावीक मुदतीत तपासायचेच.

आता खर्च. माझ्या वहीतून देतो, आमचा काउंटीचा छोटा विमानतळ आहे, तुझ्याकडे इकडेतिकडे होईल. हँगर (विमानाचं गॅरेज) महिना २८०, म्हणजे वर्षाला ३३६०. विमा १२००. वार्षिक तपासणी सरासरी २५००. सटरफटर ४००. झाले ७४६०. हे पैसे विमान हललं नाही तरी जातात. एफएएकडच्या नोंदणीची फी तेवढी ५ डॉलर, आणि तीही सात वर्षांतून एकदा. या धंद्यातली स्वस्त गोष्ट ही एकच.

उडण्याचा खर्च निराळा. तासाला ८ गॅलन, ६ च्या भावाने ४८. तेल, टायर, प्लग, किरकोळ दुरुस्ती आणि पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला काढून ठेवायचे, असे मिळून ३२. एकूण ८०.

वर्षाला १०० तास उडवलंस तर तास १५५ ला पडतो. ३० तास उडवलंस तर ३२९ ला. तुझ्या १८० डॉलरच्या भाड्याशी बरोबरी व्हायला एकट्याने ७५ तास उडवावं लागेल, तिघांत प्रत्येकी २५. (५८ हजार अडकले त्याचं व्याज मी धरलेलं नाही. ते धरणारा माणूस विमान घेतच नाही.)

आमचंही तिघांत आहे. मी निवृत्त, दुसरा दातांचा डॉक्टर, तिसरा सोयाबीनवाला शेतकरी. डॉक्टरला शनिवार-रविवार हवे, मला मंगळवार चालतो, शेतकरी पेरणी-कापणीत फिरकत नाही. सोळा वर्षांत तारखेवरून भांडण नाही. भांडण होतं ते टाकी कोणी अर्धी सोडली यावरून. महिन्याचे प्रत्येकी २१० ठरलेले, आणि ३२ चे तासाचे पैसे वेगळ्या खात्यात. त्या खात्याला कोणीही हात लावायचा नाही, हे कागदावर लिहून सह्या केलेल्या आहेत.

पेट्रोलचं उद्या लिहितो. हात दुखायला लागला.

निळी_घार

काकांच्या आकड्यांना अनुमोदन. मी टेक्सासला इन्स्ट्रक्टर आहे. इकडे हँगर महाग आणि वेटिंग लिस्ट दोन वर्षांची, बाकी चित्र हेच.

पण उडाणटप्पू, तुमच्या एच-१बी वाल्या मित्राचं नाव नोंदणीत लागणार नाही. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असावं लागतं, आणि सहमालक असतील तर सगळेच तसे हवेत. लायसन्स काढायला हरकत नसते, विमान उडवायलाही नसते, मालकीला असते. "आत्ता दोघांच्या नावावर घेऊ, तिसऱ्याचं तोंडी" असले उद्योग करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी कागदच काढते. मित्राला एखाद्या फ्लाइंग क्लबचं सभासद होऊ द्या.

म्हणजे तुम्ही उरलात दोघं. काकांच्याच हिशेबाने प्रत्येकी ३७ तास. तुमचे गेल्या वर्षी झाले ३४. तेव्हा विमान घेण्याआधी तिसरा भागीदार शोधा.

उडाणटप्पू

ताई, धन्यवाद. मित्राला सांगितलं, बिचारा हिरमुसला. लायसन्सच्या वेळी टीएसएची सुरक्षा तपासणी होऊन सगळं झालं होतं, म्हणून त्याला वाटलं याचंही तसंच असेल.

काका, पेट्रोलबद्दल वाट पाहतोय. माझ्या इन्स्ट्रक्टरने सांगितलंय की ३००० फुटांखाली मिक्श्चरच्या (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या) लाल दांड्याला हात लावायचा नाही. आणि २३०० आरपीएमवर सावकाश गेलं तर बरंच वाचेल ना?

जुनं_इंजिन

सांगलीला माझ्याकडे बजाज स्कूटर होती. सकाळी आडवी करायची, मग सरळ करून चोक ओढायचा आणि किक मारायची. चोक तसाच विसरलं की गणपती पेठेपर्यंत प्लग काळा ठिक्कर आणि स्कूटर ढकलत घरी. विमानात लाल दांडा पूर्ण आत ढकलून ठेवणं म्हणजे दिवसभर चोक ओढून फिरणं. त्यात आपल्या निळ्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. गार, ओल्या ज्वलनात ते जळून जात नाही, खालच्या प्लगांत मण्यांसारखं साचतं.

इंजिन सुरू झालं, तेलाचा दाब आला की जमिनीवरच दांडा बाहेर ओढ. थोडाथोडका नको, चांगला ओढ. इतका, की विसरून टेकऑफची पॉवर दिलीस तर इंजिनाने खोकून तिथेच थांबवलं पाहिजे. अर्धवट ओढणं सगळ्यात वाईट, कारण तसं ते टेकऑफला चालेल आणि तापेल.

समुद्रसपाटीच्या जवळपास टेकऑफ आणि चढाई पूर्ण रिच, म्हणजे दांडा पूर्ण आत, ते बरोबरच. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या ठिकाणी नाही. क्रूझमध्ये (एका उंचीवर सरळ जाताना) मात्र पॉवर ७५ टक्के किंवा कमी असेल तर कुठल्याही उंचीवर मिक्श्चर पातळ करता येतं, लायकमिंगच तसं सांगते. ३००० फुटांचा नियम शिकाऊंसाठी केलेला आहे, इंजिनाला त्याची माहिती नाही. ओढत ओढत इंजिन थरथरलं की किंचित आत, गुळगुळीत होईपर्यंत. एवढंच. माझ्या विमानात याने तासाला दीड-पावणेदोन गॅलनचा फरक पडतो. खाली उतरताना दांडा हळूहळू आत न्यायचा, आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे विसरायचं नाही. पावसाळी हवेत विशीच्या सेल्सियसमध्येसुद्धा धरतो.

आता सावकाश जाण्याबद्दल. मी स्वतः मोजलंय. २५०० वर ११२ नॉट, ८ गॅलन. २३०० वर ९८ नॉट, ६.३ गॅलन. १०० नॉटिकल मैलांना सावकाश गेल्याने पाऊण गॅलनला थोडं कमी, म्हणजे साधारण ४ डॉलर ३० सेंट वाचले. पण इंजिन साडेसात मिनिटं जास्त चाललं, आणि तासाचे ते ३२ डॉलर आठवतायत ना, त्यातले ४ तिकडे गेले. हातात राहिले वीस-तीस सेंट. मागून वारा असेल तर सावकाश जा, तोंडावर असेल तर रेट. याहून जास्त डोकं लावू नकोस.

स्वस्त पेट्रोलच्या मागे धावण्याचंही तसंच. २० मैलांवर ७० सेंट स्वस्त मिळतं म्हणून मी पहिली दोन वर्षं जात होतो. ३० गॅलनमागे २१ डॉलर वाचायचे आणि जाण्यायेण्यात ३३ उडायचे. हे हिने शोधून काढलं, मी नाही.

खरा पैसा हातकामात वाचतो. आपल्या विमानाचं तेल बदलणं, प्लग साफ करणं, टायर बदलणं हे खाजगी पायलटला कायद्याने स्वतः करता येतं, फक्त लॉगबुकात नोंद करून सही करायची. तेल आणि फिल्टर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, आधी येईल ते. वार्षिक तपासणीला मी सीट, झाकणं, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) सगळं स्वतः उघडून ठेवतो. आमचा मेकॅनिक फक्त बघतो, शिव्या देतो आणि सही करतो. त्यात दरवर्षी सात-आठशे वाचतात, आणि आपल्या विमानाच्या पोटात काय आहे ते कळतं.

आणि दर आठवड्याला नाही तरी पंधरा दिवसांनी उडव, तासभर, तेल १८० फॅरेनहाइटपर्यंत तापेल असं. हँगरसमोर दहा मिनिटं इंजिन चालवून समाधान मानू नकोस. तेल पुरेसं तापत नाही, उलट जळणातलं पाणी त्यात भर घालतं. थंडीत पारा १० फॅरेनहाइटच्या खाली गेला की आधी इंजिन गरम केल्याशिवाय सुरू करू नकोस.

खडकवासला_ते_खंडाळा

वाचून हेवा वाटला. पुण्यात बसून असलं काही करता येतं का हो?

निळी_घार

करता येतं, पण हौस जबर हवी. पेट्रोलचंच घ्या, भारतात १०० एलएल आयात व्हायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत २०२२ मध्ये ते बनवायला सुरुवात केली. जबर हौस बघायची तर कांदिवलीचे अमोल यादव. राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि मग नोंदणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. विमान बांधणं सोपं गेलं असेल असं वाटतं.

उडाणटप्पू

अपडेट. मालकाला फोन केला. तपासणीला हो म्हणाला, पण सिलिंडर काढू देणार नाही म्हणतो. "चालू करून दाखवतो की, एका झटक्यात सुरू होतं." किंमत ५४ वर आणतो म्हणाला. काका, काय करू? चार हजार कमी होतायत.

जुनं_इंजिन

माझंही एका झटक्यात सुरू व्हायचं. सोडून दे.

शनिवारी हवा बरी असली तर आम्ही अर्बानाला ग्राइम्स फील्डवर उतरतोय. विमानाच्या लाल-हिरव्या दिव्यांचा धंदा ज्याने उभा केला त्या वॉरन ग्राइम्सचं गाव. तिथल्या कॅफेत गोड पाय (pie) चांगला मिळतो. दहा वाजता ये, गाडीने आलास तरी चालेल. परतताना आमच्या हँगरवर थांब, तेल बदलायचंय, फिल्टर तुझ्या हाताने काप. जुना शर्ट घालून ये. आणि गॅरेजचं दार शुक्रवारपर्यंत करून टाक.