प्रोस्टेटचा कर्करोग: शस्त्रक्रिया की रेडिएशन, निर्णय कसा करावा?

प्रश्न

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्ततपासणीत त्यांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) ८.२ आल्यानंतर एमआरआय आणि बायोप्सी झाली. अहवालात कर्करोग किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसन स्कोअर ३+४=७, म्हणजे पाचपैकी ग्रेड ग्रुप २ असे लिहिले असून आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसरे मत घेतले तेव्हा रेडिएशन आणि त्यासोबत सहा महिने हॉर्मोनची इंजेक्शने असा सल्ला मिळाला. दोघेही आपला मार्ग चांगला असल्याचे सांगतात. बाबांचा मात्र एकच धोशा आहे, की गाठ आहे ना, मग उद्याच काढून टाका. एवढी घाई खरोखरच आवश्यक आहे का, आणि या दोन पर्यायांची तुलना नेमकी कशावर करायची?

उत्तर १

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, परंतु अहवाल कसा वाचावा हे सांगतो. ग्लीसनमधील पहिला आकडा गाठीत सर्वाधिक आढळलेल्या पेशीरचनेचा असतो आणि दुसरा त्याखालोखालच्या रचनेचा; आकडा जितका मोठा, तितकी ती रचना आक्रमक. त्यामुळे ३+४ आणि ४+३ यांची बेरीज सातच असली, तरी ३+४ हा तुलनेने सौम्य आजार मानला जातो. पीएसए दहाच्या आत आहे, हीही जमेची बाजू. बायोप्सीच्या किती तुकड्यांत आजार सापडला आणि ‘४’ रचनेचे प्रमाण किती टक्के आहे, हे मात्र विचारून घ्या, कारण ते प्रमाण अगदी कमी असेल तर सक्रिय निरीक्षण, म्हणजे ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी, हा तिसरा पर्यायही चर्चेत यायला हवा.

घाईबद्दल सांगायचे तर ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात ग्रंथीपुरताच आजार असलेल्या १,६४३ पुरुषांना निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागले होते. २०२३ मध्ये त्याचे १५ वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण निरीक्षणाच्या गटात सुमारे ९ टक्के, तर उपचारांच्या दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के होते, हेही लपवू नये. त्यातील बहुतेकांचा आजार सौम्य होता, म्हणून हे आकडे बाबांना जसेच्या तसे लावू नका. पण विचार करायला काही आठवडे घेतल्याने त्यांचे नुकसान होण्याची शक्यता फार कमी आहे. ग्रेड ग्रुप ४ किंवा ५ असता, तर मी इतक्या निवांतपणे लिहिले नसते.

उत्तर २

माझी शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून त्या बाजूचे लिहितो. लघवीसाठी तात्पुरती घातलेली नळी (कॅथेटर) काढल्यावर पहिले काही आठवडे खुर्चीतून उठताना किंवा खोकला आला की थेंब सुटत, आणि पॅड वापरावे लागत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मला शस्त्रक्रियेच्या आधीच शिकवले गेले होते, त्याचा फार उपयोग झाला. लैंगिक ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी लागून जातात. त्या वाचवता येतील का, हा प्रश्न बाबांनी स्वतः विचारावा. मुलासमोर ते विचारणार नाहीत, तेव्हा थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकटे बोलू द्या.

उत्तर ३

माझ्या यजमानांनी रेडिएशन घेतले. रोज ठरलेले पाणी पिऊन, मूत्राशय भरलेले आणि पोट साफ असे जावे लागे, कारण त्यामुळे मूत्राशय आणि आतडे शक्य तितके किरणांच्या बाहेर राहतात. दुखले काहीच नाही. मात्र लघवीला जळजळ आणि वारंवार शौचाला जाणे हा त्रास शेवटी शेवटी वाढला आणि नंतर हळूहळू ओसरला. खरा थकवा आला तो हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी. अंगातून एकाएकी गरम वाफा निघत, उत्साह गेला, वजन वाढले. वडिलांना हृदयविकार, मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल, तर ही इंजेक्शने खरोखरच लागतील का, हे आवर्जून विचारा. आणखी एक गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यावा लागतो, पण रेडिएशननंतर तो सावकाश उतरतो आणि मध्येच थोडा वरही जातो. हे आधी माहीत नसेल तर प्रत्येक अहवालाला धडकी भरते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक राहिले: बाबांना रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि धारही बारीक असते. याचा निर्णयाशी काही संबंध आहे का?

उत्तर १

निश्चितच आहे, आणि हे दोन्ही डॉक्टरांना सांगा. मार्ग आधीच अडलेला असेल तर रेडिएशनच्या सुजेने तो त्रास काही काळ वाढू शकतो आणि क्वचित लघवी पूर्ण अडते; शस्त्रक्रियेत ग्रंथीच निघत असल्याने तो अडथळाही जातो. धारेचा वेग मोजणारी चाचणी आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते याची सोनोग्राफी अजून झाली नसेल, तर निर्णयाआधी ती करून घ्या.