सेमिस्टरच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर अजिंठा-वेरूळ : अनुभव सांगा

मोगरा१९
भाचीचे पेपर शुक्रवारी संपतायत. काल फोन आला, "मावशी, मी आणि मैत्रीण अजिंठा-वेरूळ करून येऊ का? तीन दिवस आहेत हातात." हॉस्टेलच्या दिवसांतली लाल एसटी आणि लेण्यांमधला तो गारवा एकदम आठवला. माझी गोष्ट राहू दे, तिच्या कामाचं लिहा. हा धागाच मी तिला पाठवणार आहे.

सुरुवात मी करते, वारांपासून. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे एवढं पाठ केलं तरी अर्धं काम झालं. रविवारी रात्री संभाजीनगरला पोचून "आधी लांबचं उरकू" म्हणत सोमवारी अजिंठ्याला गेलं की दार बंद, आणि मंगळवारी वेरूळचंही. त्या दोन दिवसांत क्रम उलटा ठेवायचा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, म्हणजे दोन्ही होतात.

आणि एका दिवसात दोन्ही करून देतो म्हणणाऱ्या गाडीत अजिबात बसू नका. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, वेरूळ तीस, आणि दिशा वेगळ्या.

सिल्लोडकर
बसबद्दल. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची कुठलीही गाडी चालते, फुलंब्री-सिल्लोडवरून येते. तीन तास धरा. अजिंठा गावात उतरू नका. पाटीवर अजिंठा दिसलं की पोरं बॅगा घेऊन उतरतात. लेणी तिथून पुढे घाट उतरून दहा-अकरा किलोमीटरवर आहेत. कंडक्टरला चढतानाच सांगायचं, "फर्दापूर टी-पॉइंट, लेणीसाठी." गावात उतरलं की मागे राहते ती फक्त रिक्षा, आणि भाडं तो सांगेल ते.

टी-पॉइंटवरून स्वतःची गाडीसुद्धा पुढे सोडत नाहीत. चार किलोमीटर शटल बस आहे, धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून. त्या बसचं तिकीट वेगळं, सुटे पैसे ठेवा. परतताना शटलसाठी रांग लागते. शेवटच्या लेण्यातून साडेचारला निघालात तर ठीक, पाचनंतर सगळेच एकदम खाली येतात. जळगावकडून येणाऱ्या गाड्या संध्याकाळी भरून येतात, उभं राहायची तयारी ठेवा.

कळण्याची_भाकरी
अहो पण शंभर किलोमीटर जाऊन परत त्याच रस्त्याने कशाला यायचं? पुण्या-मुंबईकडून येणार असतील तर रात्रीच्या रेल्वेने जळगावला उतरा. तिथून लेणी साठ किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. दिवसभर अजिंठा बघायचं आणि संध्याकाळी टी-पॉइंटवरूनच संभाजीनगरची गाडी पकडायची. एक अख्खी फेरी वाचते.

सामान? लेण्यांच्या प्रवेशाजवळ ठेवायची सोय आहे. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. कॉलेजच्या सॅकला कुलूप कुठून असणार! दोन्ही चेनच्या कड्या एकत्र ओवून छोटं कुलूप घाला.

आणि डिसेंबरात जळगावला उतरून भरीत न खाता पुढे जाणं बरं नव्हे. हिरवी-पांढरी मोठी वांगी तुराट्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी.

निळाई
भरीत!!! ऑफिसात बसून वाचतेय, भूक लागली.

सिल्लोडकर
@कळण्याची_भाकरी, जळगावचा मार्ग मान्य. मात्र रेल्वे उशिरा आली तर अजिंठ्याचा वेळ खाते. लेणी सकाळी ९ला उघडतात, साडेनवापर्यंत आत असलं पाहिजे.

चुनखडी
अजिंठ्यात काय बघायचं ते लिहितो, कारण तीस लेणी एका दमात बघणारे सातव्या लेण्यालाच थकतात.

चित्रांसाठी १, २, १६, १७. जुनी चैत्यगृहं ९ आणि १०, ती इसवी सनापूर्वीची, सातवाहन काळातली. बाकी बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. शिल्पासाठी १९ आणि २६. एवढी आठ नीट बघा, उरलेली जाता जाता.

१ नंबरमध्ये शिरल्या शिरल्या काही दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलं की डोळ्यांना वेळ लागतो. लोक आत येतात, "काळोखच आहे" म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर. पाच-सात मिनिटं खांबाशी शांत उभं राहायचं. आधी छताचे चौकोन उमटतात, मग गाभाऱ्याच्या डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणी. त्याची मान कुठे झुकलीय, भुवई एका रेषेत कशी काढलीय, बोटांत निळं कमळ कसं धरलंय हे सगळं हळूहळू वर येतं. उजवीकडे वज्रपाणी. गर्दी असली की गटागटाने सोडतात, म्हणून हे लेणं सकाळी पहिलं घ्या.

ही भित्तिचित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत, झाडांचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट माध्यमात कालवलेले रंग. तांबडी आणि पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळीचा काळा, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द. थर असा वरवर बसलेला, म्हणून दमटपणा आणि हात लागणं दोन्ही घातक. फ्लॅश बंद, मोबाइलचा टॉर्च चित्रावर मारायचा नाही. भिंतीला टेकूनही उभं राहू नका, पाठीवरची सॅक घासते. सॅक पोटावर घ्या.

मोगरा१९
चुनखडी, काय सुंदर लिहिलंत! हे वाचून मलाच परत जावंसं वाटतंय.

अनवट
चपला! चित्रं असलेल्या प्रत्येक लेण्यात चपला-बूट बाहेर काढायचे असतात. नाडीचे बूट घालून गेलात की दर दहा मिनिटांनी नाडी सोडा, नाडी बांधा. सरळ पट्ट्याची सँडल. मे महिन्यात जाणार असाल तर मोजे घाला, व्हरांड्याबाहेरचा दगड तापून पाय भाजतो. खरं तर मे नकोच. उन्हाळी सुट्टी मिळाली म्हणून तेव्हाच जाऊ नका, चाळीसच्या वर पारा असतो आणि दरीत वारा नाही.

पाटीपेन्सिल
रुमाल टाकून ठेवते, मुलाच्या सुट्टीत उपयोगी पडेल.

वाघूरकाठ
१० नंबरच्या चैत्यात गाइड एक नाव दाखवतो. १८१९च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या नादात इथे पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ते बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरलंय. ते आपल्या डोक्याच्या बरंच वर आहे. कारण तेव्हा आत पाचेक फूट राडारोडा साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. हे कळलं की त्या एका ओळीवरून लेणं किती गाडलं गेलं होतं ते समजतं. (त्याचं बघून आपण नाव कोरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण सांगतोच.)

वेळ असेल तर वाघूर नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला चढा, अर्धा-पाऊण तास. घोड्याच्या नालासारखा अख्खा कडा एका नजरेत दिसतो. पाणी संपू देऊ नका, वर काही मिळत नाही.

कळण्याची_भाकरी
विषयांतर होतंय, पण अजिंठा गावात पारोची कबर आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला आला होता, त्याची प्रेयसी पारो. त्याने वर्षानुवर्षं खपून काढलेल्या कितीतरी नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९मध्ये गेला, कबर आमच्या भुसावळला. फार कमी लोक जातात तिथे.

निळाई
ऐकूनच पोटात तुटलं. एवढे श्रम आणि राख.

वाघूरकाठ
हो ना. पारोच्या कबरीपाशी मिनिटभर थांबावंच माणसाने.

चुनखडी
२६ नंबर सोडू नका, लोक दमून मागे फिरतात. आत डाव्या बाजूच्या भिंतीशी बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, जवळजवळ सात मीटर लांब. एका टोकाशी उभं राहिलं तर पूर्ण दिसत नाही, चालत चालत बघायचं. उशीवर डोक्याच्या भाराने पडलेला खळगा बघा. आणि खाली ओळीने बसलेले शोक करणारे शिष्य, प्रत्येकाची बसण्याची तऱ्हा वेगळी.

दगडफूल
वेरूळचं कुणी लिहिलं नाही अजून?

३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पसारा दोन किलोमीटरचा. फाटकातून आत गेलं की समोरच १६ नंबर म्हणजे कैलास, त्यामुळे सगळे आधी त्यातच घुसतात, तिथे तीन तास घालवतात आणि मग १० नंबर बघायचं त्राण राहत नाही. असं करू नका. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी कैलास सावलीत असतो, दुपारनंतर त्यात ऊन शिरतं. म्हणून सकाळी उजवीकडे वळा. १२ (तीन ताल, तिन्ही मजले चढा), १०, ५, आणि परत या. १० ला सुतार झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, आणि त्या दगडात कोरलेल्या. आत हळू आवाजात एक सूर लावून बघा, घुमट तो धरून ठेवतो.

मग डबा खा. दोनच्या सुमारास कैलास. आधी आत न जाता बाजूच्या चढाने वर कड्यावर जा. वरून बघितल्याशिवाय तो कसा झाला ते समजत नाही. राष्ट्रकूटांनी वरून तीन बाजूंनी चर खणत मधला खडक सुटा केला आणि कळसापासून पायाकडे कोरत आले. पायाड बांधायची गरज कमी, पण चुकीला जागाच नाही, कारण कापलेला दगड परत बसत नाही. कड्याच्या अगदी टोकाशी जाऊ नका, मुरूम सुटा आहे, पाय सरकतो. सेल्फी तर नकोच.

खाली आल्यावर डाव्या हाताला महाभारताचा पट, उजव्या हाताला रामायणाचा. उजवीकडेच पुढे रावण कैलास हलवतोय ते शिल्प. पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, आणि शंकराचा पाय नुसता टेकलाय. खाली रावणाच्या हातांच्या सावल्या बघा, हात खडकापासून जवळपास सुटे कोरलेत.

शेवटी जैन लेणी. चालत जायला लांब पडतात, आतून बस मिळते. ३२ नंबरचा, इंद्रसभेचा, वरचा मजला चुकवू नका.

पाटीपेन्सिल
घृष्णेश्वर तिथेच ना? निकालाचं साकडं घालून येतील मुली :)

दगडफूल
अगदी जवळ. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेलं. मोबाइल आणि बॅग बाहेर ठेवावी लागते, पुरुषांना गाभाऱ्यात शर्ट काढून जावं लागतं. सोमवारी गर्दी खूप, म्हणजे सोमवारी वेरूळ करणार असतील तर देऊळ सकाळी सगळ्यात आधी, लेणी नंतर.

तांबडी_एसटी
पैशाचं बोलतो. अजिंठा आणि वेरूळ प्रत्येकी ४० रुपये, दौलताबाद आणि बीबी का मकबरा प्रत्येकी २५. ऑनलाइन काढलं तर प्रत्येकी ५ रुपये कमी, म्हणजे चारही मिळून माणशी ११०. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून सूट मिळत नाही, मोफत फक्त १५ वर्षांखालच्यांना. अजिंठ्याच्या दरीत रेंज जाते-येते, तिकिटाचा स्क्रीनशॉट आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.

एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहे, २०२३पासून. त्यामुळे "आवडेल तेथे प्रवास"चा पास या दोघींना घेण्यात अर्थ नाही. तो ४ आणि ७ दिवसांचा असतो, रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर फिरणाऱ्या मुलांना परवडतो.

लॉजवर दोघींचं मूळ आधार मागतात, मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही. राहायचं बसस्थानकाच्या आसपास, पहाटेची गाडी चालत गाठता येते.

अनवट
दोघीच आहेत म्हणून आणखी एक. वेरूळला कडेच्या लेण्यांमध्ये, २९च्या बाजूला, संध्याकाळी सामसूम होते. तिकडे दुपारीच जाऊन या. आणि आग्यामोहोळ दोन्हीकडे आहेत. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, लेण्यांजवळ मोठ्याने ओरडू नका. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, डोक्यावरून ओढणी घेऊन बाजूला निघायचं.

मोगरा१९
हे फार महत्त्वाचं. धन्यवाद अनवट!

तांबडी_एसटी
तिसरा दिवस दौलताबाद. शहरापासून पंधराएक किलोमीटर, वेरूळच्याच रस्त्यावर. सकाळी आठच्या आत चढायला लागा, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च लागतोच, तिथे मोबाइलचा चालेल. पायऱ्या मुद्दाम उंच-सखल केल्यात, शत्रूचा पाय अडखळावा म्हणून. एकीने पुढे उजेड धरायचा, दुसरीने भिंतीला हात लावून यायचं. वटवाघळांचा वास असतो, रुमाल ठेवा. सगळं मिळून तीन तास.

उतरताना सीताफळं दिसली तर घ्या, दौलताबादची प्रसिद्ध. हंगाम दिवाळीच्या मागेपुढे, डिसेंबरात मिळाली तर नशीब.

निळाई
हिमरू शाल घ्यायची असेल तर? खरी कशी ओळखायची?

दगडफूल
उलटी करून बघा. हातमागाच्या हिमरूत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, नक्षी विणताना आलेले. मागून गुळगुळीत आणि छापल्यासारखी दिसली तर ठेवून द्या. सूत-रेशीम मिसळलेलं असतं, हाताला जड लागतं.

चुनखडी
मकबरा संध्याकाळी एक तास पुरतो. खाली कमरेएवढा संगमरवर, त्यावर घुमटाच्या पायापर्यंत काळा दगड आणि त्याला चुन्याचा गुळगुळीत गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. उन्हं उतरताना गिलावा आणि संगमरवर यांचा रंग वेगळा होतो, सांधा स्पष्ट दिसतो.

मोगरा१९
भाचीने वाचलं. पेपर शुक्रवारी संपतो, रविवारी रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी सकाळी पोचतायत म्हणे. म्हणजे जळगावला उतरून अजिंठा जमणार नाही ना?

कळण्याची_भाकरी
सोमवार आहे ताई, अजिंठा बंद. थेट संभाजीनगरलाच उतरू दे. सोमवार वेरूळ, मंगळवार अजिंठा, बुधवार दौलताबाद आणि मकबरा. नाहीतर बुधवारी पहाटे दौलताबाद करून दुपारी जळगावची एसटी, तिथून रात्रीची रेल्वे, आणि भरीत जाताना नाही तर येताना.

मोगरा१९
कळवते तिला. कुलूप आणायला पाठवलंय आत्ताच.