हॅलोविनची सजावट टाकाऊ वस्तूंतून: प्लास्टिकवर रंग टिकत नाही, कापडाचं भूत उभं राहत नाही

रद्दीबहाद्दर
३१ ऑक्टोबरसाठी सजावट करायची आहे, विकत शक्यतो काही आणायचं नाही. हाताशी आहे ते असं: दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन, पत्र्याचे डबे, अंड्यांचे कागदी ट्रे, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, जुनी चादर आणि फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. अडतंय दोन ठिकाणी. कॅनवरचा ॲक्रिलिक रंग वाळला की पापुद्रे निघतात. आणि फेविकॉलच्या पाण्यात बुडवलेली चादर वाळली तरी बसकण मारते. काय चुकतंय?

डिंक_दोरा
कॅनच्या तळाशी त्रिकोणात २ आकडा असेल तर ते एचडीपीई नावाचं प्लास्टिक. त्यावर रंग धरत नाही, पॉलिश पेपर घासूनही फारसा फरक पडत नाही. रंगाचा नाद सोडा. कॅन पांढुरका असतो हाच त्याचा फायदा. काळ्या परमनंट मार्करने डोळे आणि तोंड मोठे काढून गच्च भरा, कापू नका. आत दिवा लागला की अख्खा कॅन उजळतो आणि काळे डोळे खोल दिसतात. मागच्या बाजूला तळाशी ५ सेंटीमीटरचं भोक पाडून एलईडीची माळ आत सरकवा, वजनाला दोन मुठी खडे टाका. रिकामा कॅन वाऱ्याने लगेच आडवा होतो.

भुताचं म्हणाल तर चादर जाड आणि जड, स्वतःच्या वजनानेच खाली येते. मलमलीसारखं विरविरीत सुती कापड घ्या, साधारण ६० सेंटीमीटरचा चौकोन. पॉलिस्टर नको, ते गोंद पीत नाही. फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं. कापड पूर्ण भिजवून दोन बोटांच्या चिमटीतून ओढा म्हणजे जास्तीचं निथळेल. साचा: पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, तोंडावर चेंडू, हातांसाठी वाकवलेली तार. सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर बाटली कायमची आत अडकेल. कापडाची कड टेबलावर चार-पाच सेंटीमीटर पसरू द्या, भूत त्या घेरावरच उभं राहतं. बाहेरून कडक लागलं तरी चुण्यांच्या आत ओल असते आणि बहुतेक भुतं घाईने साचा काढल्यामुळेच बसतात. २४ तास थांबा, मग उचलून आतली बाजू वाळू द्या.

पत्रेवाला
पत्र्याच्या डब्याला भोकांची नक्षी पाडली की आत दिवा ठेवून कंदील होतो, पण थेट खिळा मारला की पत्रा आत दबतो. डब्यात काठाखाली २ सेंटीमीटरपर्यंत पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ घट्ट झाला की लगेच काढा, जास्त वेळ राहिला तर तळ फुगून डबा डुगडुगतो. जाड टॉवेलवर आडवा ठेवून कागदावरची नक्षी चिकटवा आणि ठोका. भोकांत १ सेंटीमीटर अंतर हवंच, जवळ आली की फाटून एक होतात. आतल्या कडा धारदार राहतात, हात घालताना जपून.

थर्माकोल मात्र वाया घालवू नका, थडग्याचे दगड त्याचेच उत्तम होतात. स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट (रंग विरघळवणारं द्रव) थर्माकोल खातं, एरवी ही कटकट, इथे फायदा. आधी करड्या ॲक्रिलिकचा एक हात द्या, मुद्दाम थोड्या जागा मोकळ्या सोडा. वाळल्यावर काळा स्प्रे हातभर अंतरावरून हलकाच फिरवा. मोकळ्या जागी खड्डे पडतात आणि दगड झिजल्यासारखा दिसतो. जवळून मारलात तर आरपार भगदाड. हे उघड्यावरच करा, धूर छातीत जातो. अक्षरं बोथट पेन्सिलीने दाबून कोरा, शेवटी पातळ काळं पाणी वरून ओघळू द्या. पावसाच्या रेघा आपोआप उमटतात.

कात्रीकाम
अंड्यांच्या ट्रेतून ओळीने तीन कप कापा. मधला धड, बाजूच्या दोघांची खालची कड नागमोडी कापली की वटवाघूळ तयार. ट्रे पाणी शोषतो, म्हणून रंग घट्ट ठेवा, पातळ रंगाने पंख लोंबतात.

काळ्या पिशवीचं जाळं: चौकोन कापून तीनदा तिरका दुमडा, चिमटे लावा (प्लास्टिक फार घसरतं), मग एका घडीपासून दुसऱ्या घडीकडे कमानदार पट्ट्या कापून काढा, पण १ सेंटीमीटर आधी थांबा. पूर्ण कापलं की जाळ्याचे तुकडेच हातात येतात. बाजारातलं कापसासारखं ताणायचं जाळं बाहेर झाडांवर लावू नका, त्यात पक्षी अडकतात.

आणि कशातही मेणबत्ती नको. एलईडीच्या दिव्यात बटण सेल असेल तर झाकण स्क्रूचं आहे ना बघा, लहान मुलांनी सेल गिळणं फार धोक्याचं.

रद्दीबहाद्दर
कापडाचं भूत फाटकाबाहेर ठेवलं तर चालेल का? पाऊस येऊ शकतो.

डिंक_दोरा
नाही. साधा फेविकॉल ओला झाला की पुन्हा मऊ पडतो, रात्रीच्या दवानेसुद्धा भूत खांदे पाडतं. बाहेर कॅन, डबे आणि पिशव्यांची जाळी. भूत खिडकीच्या आतून ठेवा, मागे दिवा लावा.