ब्लू-ब्लॅक घ्यायची तर आयर्न गॉलच घ्या

बोरूबहाद्दर

फाउंटन पेनसाठी ब्लू-ब्लॅक कोणती घ्यावी असं कुणी विचारलं की लगेच छटांची चर्चा सुरू होते. ही हिरवट, ती जांभळट, तिसरी करडी. माझ्या मते छटा ही नंतरची गोष्ट. आधी बाटलीत लोह आहे का, म्हणजे ती आयर्न गॉल जातीची आहे का, ते बघा. नसेल तर ती नुसती गडद निळी शाई. मग हवी ती छटा घ्या, त्यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

मायफळातलं टॅनिन आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) पाण्यात एकत्र केलं की सुरुवातीला फिकट द्रावण मिळतं. कागदावर त्याला हवा लागते, लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि पाण्यात न विरघळणारं काळं संयुग कागदाच्या तंतूंत बसतं. पण लिहिताना अक्षर दिसायला तर हवं, म्हणून त्यात निळा रंग घालतात. लिहिताना निळी, नंतर काळपट. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ च्या सुमारास अशी शाई विकायला काढली. (हा स्टीफन्स डॉक्टरकी शिकत असताना कवी कीट्सबरोबर एकाच बिऱ्हाडात राहत होता. शाई कुणाला पुरवत होता देव जाणे.) इंग्लंडमधल्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदवह्या याच जातीच्या शाईने भरल्या गेल्या. डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक आजही मिळते.

रोजच्या वापराला पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक किंवा रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स. तिन्हींत लोह आहे. लामीच्या ब्लू-ब्लॅकमध्येही पूर्वी होतं, नंतर काढलं. जुनी बाटली कुणाकडे असेल तर जपून ठेवा.

बोला.

---

दौतवाली

तीव्र असहमत.

टिकाऊपणाचा एवढा गजर कशासाठी? आपण लिहितो काय? कामांच्या याद्या, बैठकीतली टिपणं, फोनवर बोलताना खरडलेले आकडे. यातलं नव्वद टक्के आठवड्यात केराच्या टोपलीत जातं. त्यासाठी पेनमध्ये आम्ल भरून ठेवायचं? लोह विरघळलेलं राहावं म्हणून या शाया मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात, हे तुम्ही लिहायचं शिताफीने टाळलंत. पूर्वी निब सोन्याची करत त्यामागे हौस कमी आणि निकड जास्त होती. साध्या पोलादाला ही शाई खात असे.

ब्लू-ब्लॅकमध्ये मला हवी आहे ती खोली. ओळ सुरू होताना गडद, स्ट्रोकच्या मध्यावर पातळ, शेवटी पुन्हा शाई साचलेली. पायलटची इरोशिझुकू शिन-काई रुंद निबने चांगल्या कागदावर लिहून बघा. लोह नाही, पण पानाकडे बघत बसावंसं वाटतं. तुमची आयर्न गॉल दुसऱ्या दिवशी सपाट काळी-करडी होऊन बसते.

---

बोरूबहाद्दर

@दौतवाली, सपाट होते हे सरसकट खरं नाही. सॅलिक्स सुकल्यावरही बऱ्यापैकी निळी राहते आणि शेडिंग, म्हणजे एकाच रेघेतली गडद-फिकट छटा, दाखवते.

आम्लाचं म्हणाल तर आज पोलादी निब म्हणजे स्टेनलेस स्टील. टाकाने लिहायची शाई आणि फाउंटन पेनची आयर्न गॉल यांत लोहाचं प्रमाण आणि आम्लाचा जोर दोन्ही वेगळे असतात. हस्तलिखितांचे कागद कुरतडले गेल्याचे फोटो दाखवून लोक घाबरवतात, पण त्या काळी शाई घरोघर अंदाजाने बनायची, हिराकस वारेमाप पडायचा. आणि चौथ्या शतकातलं कोडेक्स सिनायटिकस, म्हणजे ग्रीक बायबलची पोथी, आयर्न गॉलनेच लिहिलेलं आहे. चामड्यावर आहे हे मान्य, पण आजही वाचता येतं.

---

टीपकागद

चौथ्या शतकातली पोथी आणि उद्याची भाजीची यादी एकाच तागडीत! धागा आवडला.

---

रसायनवाली

दोघांच्याही बोलण्यातलं अर्धं-अर्धं सुटलं आहे, म्हणून लिहिते.

आम्लाने निब झिजण्याची भीती आधुनिक पेनपुरती वाढवून सांगितली जाते हे खरं. पण आयर्न गॉलचा त्रास निबपेक्षा फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या भागात, जास्त होतो. जे काळं संयुग कागदावर हवं असतं तेच पेनात हवा शिरली की फीडच्या बारीक खाचांत तयार होतं, आणि ते साध्या पाण्याने सहज निघत नाही. पेन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ही शाई घालूच नका. रोज लिहिणाऱ्याला चिंता नाही, कारण शाई हलती राहते.

बसलेला साका काढायचा उपाय सोपा आहे. आधी भरपूर साधं पाणी, मग थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, पाण्यात विरघळवून ते पेनात थोडा वेळ ठेवायचं. ते लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. नंतर परत पाणी. इतर शायांसाठी पातळ अमोनियाचं पाणी वापरतात, ते इथे चालत नाही. अल्कधर्मी पाण्यात लोह खाली बसतं आणि बिघाड वाढतो. याच कारणाने एका जातीच्या शाईवरून दुसऱ्या जातीच्या शाईकडे जाताना मध्ये पेन स्वच्छ धुवा. दोन बाटल्या एकत्र करून "माझी खास ब्लू-ब्लॅक" बनवणाऱ्यांनी तर लोहाच्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक. बाटली उघडी राहिली की शाई बाटलीतच काळवंडते, तळाला गाळ बसतो. गाळ दिसला की ती शाई पेनला द्यायची नाही. गाळून वापरायचा मोह आवरा. म्हणून मोठी बाटली घेऊन ठेवण्याची शाई ही नाही.

---

दौतवाली

म्हणजे रोज लिहा, लहान बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, व्हिटॅमिन सी हाताशी ठेवा, मिसळू नका, पडू देऊ नका. शाई आहे की तान्हं बाळ?

---

अक्षरशत्रू

मुळात टिकाऊपणाच हवा असेल तर लोहाचा हट्ट का? पिगमेंट शाई आहे ना. सेलरची सेइबोकू घ्या. रंग ब्लू-ब्लॅकच. रंगकण पाण्यात विरघळलेले नसून तरंगत असतात, कागदावर सुकले की पाण्याने हलत नाहीत. उन्हातही नेहमीच्या डायपेक्षा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगापेक्षा, चांगले टिकतात. वरून जलरंग फिरवला तरी रेघ जागच्या जागी. मी चित्रांखालच्या रेघांसाठी हीच वापरतो. आम्लाचा प्रश्नच नाही.

आयर्न गॉल पाण्यात धरली तर निळा रंग वाहून जातो आणि मागे करडी रेघ राहते. वाचता येते, कबूल. पण मग ब्लू-ब्लॅकमधलं ब्लू कुठे गेलं?

---

बोरूबहाद्दर

@अक्षरशत्रू, पिगमेंट पेनात सुकली की काय होतं तेही सांगा. लोहाचा साका व्हिटॅमिन सी ने विरघळतो तरी. सुकून चिकटलेल्या पिगमेंटला पेन उघडण्यावाचून उपाय नाही.

---

अक्षरशत्रू

सुकू द्यायची नाही, एवढंच. टोपण हवाबंद असलेलं पेन निवडा. प्लॅटिनमने २०११ मध्ये ३७७६ सेंच्युरी आणलं त्याच्या टोपणात आतलं झाकण स्प्रिंगने दाबून बसतं. तशा पेनात मला कधी अडचण आली नाही. पेन सैल टोपणाचं असेल तर तुमची आयर्न गॉलही त्यात सुखाने नांदणार नाही.

---

मधली निब

सगळे बाटलीवर भांडताहेत, कागदाचं कुणी नाव काढत नाही.

पातळ, सैल कागदावर बहुतेक डाय शाया फुटतात. अक्षराच्या कडांना मिशा येतात, मागच्या बाजूला ठिपके उमटतात. आयर्न गॉल अशा कागदावर शहाण्यासारखी वागते, रेघ बारीक आणि काटेकोर येते. मला ती आवडते ती एवढ्यासाठी, शंभर वर्षांनी कोण वाचणार याच्याशी मला देणंघेणं नाही. कार्यालयात मिळेल त्या कागदावर लिहावं लागणाऱ्याला हा मुद्दा सगळ्यात जवळचा.

पण किंमत चुकवावी लागते. या शाया कोरड्या असतात, म्हणजे कमी वाहतात. तुमचं पेन मुळात हात आखडून शाई देणारं असेल, त्यात बारीक निब, तर कागदावर खरडल्यासारखं वाटतं. ओल्या पेनला कोरडी शाई आणि कोरड्या पेनला ओली, हे धरून निवडलंत तर निम्म्या तक्रारी संपतील. दौतवाली ज्या शिन-काईबद्दल लिहितात ती मोकळी वाहणारी शाई आहे. रुंद निब आणि गुळगुळीत कागद मिळाला म्हणून ती सुंदर दिसली. तीच स्वस्त वहीत लिहा आणि मग शेडिंग शोधा.

---

डावखुरा

आमच्यासारख्यांना शाई किती लवकर सुकते एवढंच कळतं. हात मागून येतो आणि ओळ पुसत जातो. गुळगुळीत कागदावरचं शेडिंग माझ्या तळहातावर छान दिसतं.

आयर्न गॉल मला इतर बऱ्याच शायांपेक्षा लवकर सुकणारी वाटली. बोरूबहाद्दर यांना माझं अर्धं मत.

---

नवी वही

मी नवखी आहे. पहिलंच पेन, पोलादी निब, कन्व्हर्टर (शाई भरायची सुटी नळी) आहे. एकच बाटली घ्यायची आहे. रोज लिहीन असं ठरवलंय पण माझं मलाच माहीत आहे, मध्ये पंधरा-पंधरा दिवस पेन पडून राहील. पाणी सांडलं तर टिपणं जाऊ नयेत एवढीच अपेक्षा. हे सगळं वाचून आता गोंधळ वाढलाय.

---

मधली निब

पायलटची साधी ब्लू-ब्लॅक. इरोशिझुकू नव्हे, नेहमीची. डायची आहे, लोह नाही, पण पाण्याला चांगली तोंड देते. थोडी निळाई वाहून जाते, अक्षरं राहतात. पेन पडून राहिलं तरी पाण्याने धुऊन निघतं.

---

दौतवाली

+१. आणि रंगही देखणा. बघा, लोहाशिवाय पाण्यात टिकणारी ब्लू-ब्लॅक असते.

---

बोरूबहाद्दर

पाण्यात टिकते, उजेडाचं काय? डायवाल्या ब्लू-ब्लॅकवर ऊन पडत राहिलं की काळपणा आधी जातो आणि हिरवट निळं काहीतरी उरतं. काही शाया तर बाटलीतून बाहेर येतानाच त्या वाटेवर असतात. वॉटरमनची ब्लू-ब्लॅक, जिला आता मिस्टीरियस ब्लू म्हणतात, सुकल्यावर हिरवट निळी दिसते. काहींना तीच छटा आवडते, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ब्लू-ब्लॅक मागणाऱ्याला ती देऊ नये.

@नवी वही, पंधरा दिवस पेन पडणार असेल तर पेलिकनच्या वाट्याला जाऊ नका, एवढं रसायनवालींचं ऐकतो. मात्र ज्या कागदांवर सही करायची आहे, जे घरात वर्षानुवर्षं ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी दुसरं पेन आणि लोहाची शाई ठेवा.

---

टीपकागद

एक बाटली मागायला आली होती बिचारी. दोन पेनं गळ्यात पडली.

---

रसायनवाली

@नवी वही, इथल्या कुणावरही विश्वास ठेवू नका. ज्या कागदावर तुम्ही खरंच लिहिता त्यावर चार ओळी लिहा आणि एक दिवस राहू द्या, कारण आयर्न गॉल असेल तर ती लगेच पक्की होत नाही. मग एका ओळीवर पाण्याचा थेंब ठेवून टिपून घ्या. उरलेल्या ओळींचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून कागद खिडकीत उन्हाला लावा. काही आठवड्यांनी पुठ्ठा काढला की दोन्ही अर्ध्यांत किती फरक पडला ते दिसेल. त्यासाठी अख्खी बाटली घ्यायची गरज नाही, कुणाकडून पेनभर शाई मागून आणली तरी पुरते.

---

नवी वही

पायलट घेते आधी. खिडकीतला प्रयोगही करते. @बोरूबहाद्दर, पेनभर पेलिकन द्याल का?

---

बोरूबहाद्दर

देतो. कन्व्हर्टर धुऊन पाठवा, पूर्ण कोरडा.